एक प्रश्न जास्त विचारला गेला, त्यानंतर

पत्राचा सारांश : नाशिकमध्ये वकिली करणाऱ्या २६ वर्षांच्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. वडील निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार आहेत आणि घरात काळा कोट घालणाऱ्या त्या पहिल्याच. सनद मिळून दीड वर्ष झाले. एका ज्येष्ठ वकिलांकडे त्या ज्युनिअर म्हणून काम करतात. आजवर त्यांच्या वाट्याला मुदतीचे अर्ज, नकला आणि पुढच्या तारखा एवढेच काम आले होते. गेल्या महिन्यात जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात सिनिअरांनी त्यांना प्रथमच उलटतपासाला उभे केले. दावा शेतरस्त्याचा आहे आणि त्यांचे अशील वादी आहेत. बांधावरच्या रस्त्याने आपली वहिवाट वडिलांच्या काळापासून, वीस वर्षांहून जास्त आहे आणि प्रतिवादीने २०२१ मध्ये तो रस्ता नांगरून टाकला, असे वादीचे म्हणणे आहे. त्याच वर्षी दावा दाखल झाला. प्रतिवादीच्या साक्षीदाराने शपथपत्रात लिहिले होते की तेथे रस्ता कधीच नव्हता. आपण प्रतिवादीचे मेव्हणे आहोत, तीन किलोमीटरवर राहतो आणि त्या शेतात फक्त सुगीत जातो, हे या भगिनींनी त्याच्याकडून वदवून घेतले. मग त्यांनी विचारले, "तर मग रस्ता नव्हता हे तुम्ही कशावरून सांगता?" साक्षीदार म्हणाला, "२०११ साली यांच्याच वडिलांनी रस्त्यासाठी आमच्या दाजींकडे परवानगी मागितली होती, तेव्हा मी ओट्यावरच बसलेलो होतो." कोर्टात हशा पिकला आणि त्या खाली बसल्या. नाशिकला परत येताना सिनिअर एक शब्दही बोलले नाहीत. अशिलाला अजून काही सांगितलेले नाही. "मी त्यांचा दावा घालवला. मला उभे राहून बोलता येत नाही हे सिद्ध झाले. कोर्ट सोडून न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा अभ्यास करावा का?" असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मी एक उल्लेख शोधत होतो आणि तो मला शेवटपर्यंत सापडला नाही. त्या साक्षीदाराच्या जबाबाची नक्कल तुम्ही काढून वाचली आहे का? तो प्रसंग तुम्ही या चार आठवड्यांत मनात शंभर वेळा ऐकला असेल, पण न्यायालयाने प्रत्यक्षात काय लिहून घेतले ते एकदाही वाचले नाही, असे पत्रावरून दिसते. वकिलीच्या पहिल्या वर्षांत कोर्टाकडून जे शिकायचे असते त्यातले सर्वांत मोठे हेच आहे, आणि ते शिकवण्याची सोय कोणत्याही विधी महाविद्यालयात नाही. तुम्हाला जे आठवते ते वेगळे आणि अभिलेखावर जे उरते ते वेगळे. हशा पिकला हे तुम्हाला आठवते. जबाबात हशाची नोंद नसते. तुमचा चेहरा उतरला, आवाज चिरकला, मागच्या बाकावरचे कोणी एकमेकांकडे पाहिले, यातले काहीही त्या कागदावर येत नाही. निकाल लिहिताना न्यायाधीशांसमोर तो कागद असेल. अपील झाले तर जिल्हा न्यायालयातही तोच कागद असेल, आणि तेथल्या न्यायाधीशांनी तुम्हाला कधी पाहिलेलेसुद्धा नसेल.

आपल्याकडे साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचा आशय सांगतात आणि तो टाइप होतो. साक्षीदाराच्या बोलीतले वाक्य जबाबात "हे म्हणणे खरे आहे की" अशा ठरलेल्या साच्यात जाते आणि या प्रवासात शब्द बदलतात. तुमच्या साक्षीदाराने "परवानगी मागितली होती" असेच म्हटले, की "विचारलं होतं" असे म्हटले? शेजारधर्म म्हणून जाता येता विचारणे आणि हक्क नाही म्हणून परवानगी मागणे यांत शेतकऱ्याच्या बोलण्यात फार अंतर नसते, पण तुमच्या दाव्यात सगळे त्याच अंतरावर अवलंबून आहे. पुढच्या वेळी साक्षीदाराने अडचणीचे उत्तर दिले की खाली मान घालून फाइल चाळू नका. न्यायाधीश काय सांगत आहेत ते शब्दन् शब्द ऐका, आणि फरक वाटला तर तिथेच, आदराने, "साक्षीदाराचे शब्द असे होते" म्हणून निदर्शनास आणा. सही झाल्यानंतर ती वेळ निघून गेलेली असते.

आता त्या उत्तराकडे वकिलाच्या नजरेने पाहू. ते निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही. वहिवाटीने मिळणारा हक्क, ज्याला आपण कोर्टात ईझमेंट म्हणतो, त्यासाठी १८८२ च्या कायद्याचे कलम १५ वीस वर्षांचा शांततापूर्ण, उघड, अखंड आणि हक्क म्हणून केलेला वापर मागते, आणि ही वीस वर्षे दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. दावा २०२१ चा असल्याने तुम्हाला मोजायच्या वीस वर्षांच्या पोटात २०११ हे साल येतेच. परवानगीने केलेला वापर हक्काचा वापर ठरत नाही. म्हणून उत्तर लागायचे तिथे लागले आहे, आणि तुम्हाला ते त्याच क्षणी कळले, ही तुमच्या अभ्यासाची खूण आहे.

पण एका साक्षीदाराच्या एका वाक्यावर दावा जात नाही. प्रथम प्रतिवादीची कैफियत, म्हणजे दाव्याला त्याने दिलेले लेखी उत्तर, उघडा. २०११ मध्ये वादीच्या वडिलांनी परवानगी मागितली, ही गोष्ट कैफियतीत आहे का? नसेल, तर जे निवेदनातच नाही त्यावर कितीही पुरावा दिला तरी तो विचारात घेता येत नाही, हे दिवाणी कायद्यातले पक्के तत्त्व तुमच्या बाजूने उभे राहते. त्यानंतर खुद्द प्रतिवादीचे सरतपासाचे, म्हणजे उलटतपासापूर्वी दिलेल्या मूळ साक्षीचे, शपथपत्र पाहा. परवानगी ज्याच्या ओट्यावर, ज्याच्याकडे मागितली गेली म्हणतात, तो माणूस शपथेवर बोलताना त्याबद्दल गप्प आहे आणि ओट्यावर बसलेल्या मेव्हण्याला मात्र ती आठवते, असे असेल तर युक्तिवादात त्या गप्प राहण्याला मोठे वजन येते. शिवाय परवानगी मागितली असे साक्षीदार सांगतो. ती मिळाली की नाकारली, हे तो सांगत नाही. शपथपत्रात "रस्ता कधीच नव्हता" म्हणणाऱ्या माणसाने रस्त्याचा विषय २०११ मध्येच निघाला होता हे मान्य केले आहे. प्रतिवादीचे वकील म्हणतील की रस्ता नव्हता म्हणूनच परवानगी मागावी लागली, आणि ते बिनतोड नसले तरी गंभीर उत्तर आहे. त्याला तोंड द्यायला तुमच्याकडे काय आहे ते फाइलमध्ये शोधावे लागेल. दिवाणी दाव्याआधी तहसीलदारांकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अर्ज झाला होता का? झाला असेल तर त्या वेळचा पंचनामा आणि जबाब काय सांगतात? दोन्ही शेते मुळात एकाच मालकाची होती आणि वाटणीत किंवा विक्रीत वेगळी झाली, असे जुन्या फेरफार नोंदींवरून निघते का? तसे निघाले आणि दाव्यात मांडलेले असले, तर गरजेपोटी मिळणाऱ्या वाटेचा, म्हणजे कलम १३ चा स्वतंत्र आधार मिळतो, आणि त्याला परवानगीची बाधा येत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही पत्रात लिहिलेली नाही आणि माझ्या मते ती त्या हशापेक्षा महत्त्वाची आहे. ते उत्तर आल्यावर तुम्ही खाली बसलात. बसण्यापूर्वी आपल्या पक्षाचे म्हणणे, म्हणजे रस्ता पूर्वीपासून होता, वादी आणि त्यांचे वडील त्यावरून बैलगाडी आणि ट्रॅक्टर नेत होते आणि साक्षीदार मेव्हण्यासाठी खोटे सांगत आहे, हे तुम्ही साक्षीदाराला सुचवले होते का? साक्षीदाराने ते नाकारले असते तरी विचारणे आवश्यक असते, कारण ज्या मुद्द्यावर साक्षीदाराला आव्हानच दिले नाही तो मुद्दा मान्य केला असा अर्थ पुढे लावला जातो. हे राहून गेले असेल तर विलंब न लावता सिनिअरांना सांगा. साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याची दिवाणी प्रक्रिया संहितेतली तरतूद, आदेश १८ नियम १७, ही मूलतः न्यायालयाला शंका निरसनासाठी आहे, त्रुटी भरून काढण्यासाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या के. के. वेलुसामी खटल्यात स्पष्ट केले आहे. मात्र त्याच निकालात कलम १५१ खालच्या अंगभूत अधिकाराचे दार योग्य प्रकरणी उघडे ठेवले आहे. खरोखर राहून गेलेल्या सूचनेसाठी असा अर्ज प्रामाणिक कारणासह करता येतो. नको असलेले उत्तर पुसून टाकण्यासाठी मात्र अर्ज करू नका. मी तुमच्या जागी असतो तर केला नसता. साक्षीदार पुन्हा आला तर तेच उत्तर अधिक तपशिलाने देईल.

"मला उभे राहून बोलता येत नाही" या तुमच्या समजुतीकडे आता येतो. मेव्हणा असणे, तीन किलोमीटरवर राहणे, फक्त सुगीत शेतात जाणे, या तीन कबुल्या तुम्ही पहिल्याच उलटतपासात मिळवल्या. त्या जबाबात आहेत आणि युक्तिवादात उपयोगी पडतील. न बोलता येणाऱ्या माणसाला त्या मिळत नाहीत. या तिन्ही प्रश्नांत आणि चौथ्या प्रश्नात फरक कोणता होता ते पाहा. पहिले तीन असे होते की साक्षीदाराला हो किंवा नाही एवढेच म्हणता येत होते, आणि उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक होते. उलटतपासात सूचक, म्हणजे उत्तर प्रश्नातच सुचवणारे, प्रश्न विचारण्याची मुभा कायद्याने याचसाठी दिली आहे. चौथा प्रश्न "कशावरून" असा होता. "का", "कसे", "कशावरून" हे शब्द साक्षीदाराला मोकळे रान देतात. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला तो प्रश्न स्वाभाविक वाटेल, कारण जे सिद्ध झाले त्याचा निष्कर्ष साक्षीदाराच्याच तोंडून निघावा अशी इच्छा सगळ्यांना होते. पण निष्कर्ष काढणे हे युक्तिवादाचे काम आहे. साक्षीदार फक्त सुगीत येतो हे त्याने मान्य केल्यावर, वर्षाच्या इतर दिवसांबद्दल त्याला काय माहीत असणार, हे तुम्ही युक्तिवादाच्या दिवशी म्हणायचे होते, आणि त्या दिवशी साक्षीदार उत्तर द्यायला पिंजऱ्यात नसतो.

त्यामुळे दोष तुमच्या जिभेचा नव्हता. तो आदल्या दिवशीच्या तयारीचा होता, आणि त्यातला किती तुमचा व किती तुमच्या सिनिअरांचा हे मी येथून ठरवणार नाही. तुम्ही साक्षीदाराचे शपथपत्र वाचले, पण अशिलाला फोन केला नाही. "हा माणूस कोण, तुमच्या वडिलांचे आणि त्याचे कधी बोलणे झाले होते का, तो आपल्याविरुद्ध वाईटात वाईट काय सांगू शकेल?" हे तीन प्रश्न उलटतपासाच्या आधी अशिलाला विचारायचेच असतात. कदाचित २०११ ची ती गोष्ट अशिलाला ठाऊक असेल. कदाचित ती परवानगी रस्त्याची नसून विहिरीवरून बांधाखालून पाइपलाइन नेण्याची असेल. आपल्या जिल्ह्यात बागायतीसाठी शेजाऱ्याच्या बांधातून पाइपलाइन नेणे रोजचे आहे, आणि त्यासाठी विचारणे हे रस्त्यासाठी विचारणे नव्हे. हे तुम्हाला ठाऊक असते तर तोच चौथा प्रश्न विचारूनसुद्धा तुम्ही साक्षीदाराला पुढच्या दोन प्रश्नांत अडवू शकला असता.

अशी तयारी कशी येते असे विचाराल तर मला एकच खात्रीचा मार्ग माहीत आहे. आठवड्यातले दोन अर्धे दिवस सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात, ज्या प्रकरणाशी तुमचा संबंध नाही अशा प्रकरणाच्या साक्षीला मागच्या बाकावर बसा. वही दोन भागांत विभागा. डाव्या बाजूला वकिलाचा प्रश्न लिहा आणि उजव्या बाजूला, न्यायाधीश सांगायच्या आधी, जबाबात वाक्य कसे येईल ते स्वतः लिहा. मग प्रत्यक्ष काय लिहिले गेले ते ऐका. दोन महिन्यांत कान तयार होतो. सत्र खटले जरूर ऐका, पण जमिनीच्या दाव्यांत जास्त शिकायला मिळते, कारण तेथे साक्षीदार सहसा सात-बारा आणि नकाशाच्या विरुद्ध बोलत असतो आणि वकिलाला कागद हातात धरून बोलावे लागते. तुम्हाला शेतीची भाषा घरातून आली आहे. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत कोणता शेतकरी बागेत असतो आणि कोणाला नसण्याचे कारण द्यावे लागते, हे शहरात वाढलेल्या वकिलाला विचारून घ्यावे लागते. तुम्हाला ते ठाऊक आहे. पहिल्या पिढीची वकील असण्याला तुम्ही फक्त उणीव समजता, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सिनिअर गप्प राहिले याचा अर्थ तुम्ही तिरस्कार असा लावला आहे. तसे असेलही. पण पुढच्या पुराव्याचा विचार करणारा माणूसही गप्प असतो, आणि आदल्या रात्री फाइल हातात देऊन ज्युनिअरला उभे केले याची टोचणी लागलेलाही. "माझे काय चुकले?" असा सैल प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका. जबाबाची नक्कल, कैफियत आणि प्रतिवादीचे शपथपत्र शेजारी ठेवून, "सर, परवानगीचा मुद्दा कैफियतीत नाही, युक्तिवादात हे असे मांडू का?" असे विचारा. अशा प्रश्नाला कोणताही चांगला वकील गप्प राहू शकत नाही. त्यावरही ते बोलले नाहीत, तर ऑफिस बदलण्याचा विचार करायला तुम्ही मोकळ्या आहात. दरमहा मिळणाऱ्या चार हजारांचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात कनिष्ठ वकिलांना शहरी भागात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मासिक विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही, पण बोलणे सुरू करायला ती पुरेशी आहे, आणि तो विषय काढण्यात लाजण्यासारखे काही नाही.

अशिलाला सांगायचे की नाही, हा तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलाही नाही, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका तालुका न्यायालयात मी शेजारच्या कोर्टात दुसऱ्या कामासाठी थांबलो असताना माझ्या प्रकरणाचा पुकारा झाला आणि वादी व वकील गैरहजर म्हणून दावा काढून टाकला गेला. अशील एसटीने उशिरा पोहोचले. पुढची तारीख मिळाली असे सांगून वेळ मारून नेण्याचा विचार माझ्या मनात आला होता, हे मी येथे स्पष्ट लिहितो. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी त्यांना खरे ते सांगितले. ते बराच वेळ हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत राहिले आणि मग म्हणाले, "आता काय करावं लागंल, वकीलसाहेब?" दावा पुन्हा नंबरावर घेण्याच्या अर्जाला तीस दिवसांची मुदत असते. आम्ही चौथ्या दिवशी अर्ज दिला आणि त्यासोबतच्या शपथपत्रावर सही करायला ते स्वतः आले. मी लपवले असते तर ते तीस दिवस त्यांच्या नकळत संपले असते. तुमच्या अशिलाचेही तसेच आहे. २०११ मध्ये ओट्यावर काय बोलणे झाले हे सांगू शकणारा माणूस तुमच्या ओळखीत फक्त तेच आहेत. त्यांना न सांगता तुम्ही त्या उत्तराला उत्तर शोधू पाहत आहात. सिनिअरांच्या संमतीने, शक्य तर त्यांच्या समोर, अशिलाला बोलावून जबाब वाचून दाखवा. क्षमा मागण्यात वेळ घालवू नका. काय घडले, त्याचा परिणाम काय होऊ शकतो आणि त्यांच्याकडून कोणती माहिती हवी, एवढे नीट सांगा.

परीक्षेबद्दल थोडक्यात लिहितो. न्यायाधीश व्हावे असे मनापासून वाटत असेल तर तो उत्तम मार्ग आहे, पण कोर्टात उभे राहण्याची भीती वाटते म्हणून तो निवडू नका, कारण न्यायाधीशाला रोज त्याच कोर्टात बसायचे असते आणि अशाच साक्षी लिहून घ्यायच्या असतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या भरतीसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. अर्ज करण्यापूर्वी लोकसेवा आयोगाच्या त्या वेळच्या जाहिरातीतील अटी नीट वाचाव्यात. तुमचे दीड वर्ष झाले आहे. उरलेला काळ तुम्हाला कोर्टातच काढायचा आहे, तर तो तारखा घेण्यात घालवण्यापेक्षा साक्षी घेण्यात घालवा. सिनिअरांकडे पुढचा उलटतपास स्वतःहून मागा, मात्र या वेळी फाइल आठ दिवस आधी मागा.

नकलेचा अर्ज याच आठवड्यात द्या. त्यावर दाव्याचा क्रमांक, जबाबाचा निशाणी क्रमांक, म्हणजे कोर्टाने त्या कागदाला दिलेला क्रमांक, आणि उलटतपासाची तारीख लिहा. त्याच अर्जात प्रतिवादीच्या शपथपत्राची आणि त्या दिवसाच्या रोजनाम्याचीही, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीचीही, नक्कल मागा, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही. नक्कल हातात आल्यावर पहिल्या वाचनाला पेन घेऊ नका. नुसती वाचा. दुसऱ्या वाचनाला आपल्या उपयोगाची वाक्ये हिरव्या शाईने आणि अडचणीची लाल शाईने अधोरेखित करा, आणि हिरवी किती झाली ते मला पुढच्या पत्रात कळवा.